अंग बाहेर आलं तेव्हा

"युटेराइन प्रोलॅप्स," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे गर्भाशय आपली जागा सोडून खाली उतरणं. आमच्या पार्से गावात बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात, तेही कुजबुजत. मला ऐकून बरंच वाटलं. निदान मी नाटक करत नव्हते हे ठरलं.

सुरुवातीला नुसतं ओटीपोटात जड वाटायचं. मग खोकलं की लघवी गळायची. काजूच्या दिवसांत बोंडूंची, म्हणजे काजूफळांची, पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरताना खाली काहीतरी लोंबतंय असं वाटायला लागलं. सासूला सांगितलं. "बायलांक आसता तां," ती म्हणाली, बायकांना असायचंच ते. मी कमरेला टॉवेल आवळला आणि पुढची पाटी घेतली.

शेवटी म्हापशाला गेलो. रक्त, लघवी, सोनोग्राफी; सगळा दिवस बाकड्यावर गेला. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आत बोलावून माझ्या बाळंतपणाचं विचारलं. तो फुशारकीने म्हणाला, "माझी बायल म्हणजे बापयो, बाई. बारशाच्या दुसऱ्या दिसा डोंगरार गेल्ली." बापयो म्हणजे पुरुष. इतकी वर्षं ही शाबासकी मला गोड लागत होती.

"तेन्नाच हें सुरू जालें," बाई शांतपणे म्हणाल्या. त्याची मान खाली गेली. खोटं कशाला सांगू, मला थंडावा वाटला.

ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. घरी सोडताना बाईंनी बजावलं, तीन महिने काही उचलायचं नाही, पुढेही जड ओझं नको. घरी येऊन मी सांगितलं, जन्मभर नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही.

नवऱ्याला शंका आली. फेरतपासणीला तो मुद्दाम आत घुसला. "आतां कळशी तरी उखलूक जाता मां?" उचलता येईल ना, असं त्याने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ना," कागदात डोकं घालून त्यांनी नकार दिला. "जल्मभर ना."

त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल तर लाजू नका, लवकर दाखवा. आणि बऱ्या झालात की लगेच उठून कामाला लागू नका.

यंदा पाट्या नवरा वाहतो. भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. परवा तो वाकून माझी वाट बघत राहिला. "हात लाव गो."

"तुमच्या आवशीक साद घाला," सासूकडे बोट दाखवत मी म्हटलं आणि सावलीत पाय पसरले.