आपल्याच नावाचं भाडं

"कब्जा कोनाचा, ते सांग आधी." कुठल्याही भांडणात काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. एसटीतली सीट असो, गणपतीच्या मांडवाची जागा असो, की शेजाऱ्याच्या कुंपणावरून अलीकडे आलेली फणसाची फांदी असो. प्रश्न विचारताना ते उजव्या हाताचा अंगठा समोरच्या टेबलावर असा दाबायचे, की जणू तिथे हद्दीचा दगडच पुरतायत.

तुमच्या ओळखीतही असा एखादा हट्टी माणूस असेल. आपण त्याच्यावर हसतो, त्याच्या नकला करतो, आणि त्याच्यावर अन्याय झाला की मात्र आपल्याला झोप लागत नाही.

विरारला फुलपाड्यात माझं वेबसाइट बनवून देण्याचं लहानसं दुकान आहे. आमच्या ओळखीतले हे काका वसईजवळच्या सांडोरहून आले ते हातात सुकेळ्यांचं पुडकं घेऊन. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. रोज सकाळी मांडायची, संध्याकाळी उचलायची, पुन्हा सकाळी मांडायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळायची. काकांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. बाजारात मात्र साखरेच्या पाकात बुडवलेला कसलातरी चिवट माल ‘वसईची सुकेळी’ म्हणून खपत होता, आणि त्याने काकांचं रक्त उसळत होतं.

"लोकान्‌ला खरी सुकेळी कुठे मिलते ते कलायला पायजे," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी तुझी ती वेबसाइट."

वेबसाइटला पत्ता लागतो, पत्त्याला नाव लागतं. सुनेला नावात ‘ऑरगॅनिक’ हवं होतं, मुलाला ‘फार्म फ्रेश’. काकांनी दोघांनाही उडवून लावलं. त्यांची वाडी साऱ्या पंचक्रोशीत त्यांच्या आजोबांच्या नावाने ओळखली जाते. तेच नाव आणि पुढे ‘सुकेळी’, बस. मी शोधून बघितलं, नाव मोकळं होतं. म्हटलं, "काका, आत्ताच्या आत्ता घेऊन टाकू. दरवर्षी थोडे पैसे भरायचे, की नाव आपलं."

"दर वर्षी?"

"हो."

"म्हंजे भाडं. माझ्या आजाच्या नावाचं भाडं मी भरायचं? आनि कोनाला?"

कोणाला, हे मलाही धड सांगता येईना. मी कंपन्या, सर्व्हर, नोंदणी असं काहीबाही बोलत राहिले. काकांनी अंगठा दाबला. आपण मालक आहोत, भाडेकरू होणार नाही, हे त्यांनी मला तीन-चार प्रकारे ऐकवलं आणि ते निघून गेले. पुढच्या आठवड्यात मी फोन केला, तर म्हणाले, "काम झाला. बोर्ड लावला."

हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण आमच्याकडे जमिनी कशा राखल्या गेल्या, हे ठाऊक असेल तर वाटणार नाही. रिकाम्या तुकड्यावर कोणीतरी येऊन पत्र्याचं कुंपण घालतं आणि मग मूळ मालक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतो. काकांनी आपल्या वाडीच्या टोकाचा तुकडा वाचवला तो तिथे माड लावून आणि नावाचा बोर्ड ठोकून. बोर्ड लागला, गावाने पाहिला, की कब्जा आपला. हा नियम त्यांना कधीच दगा देऊन गेला नव्हता. म्हणून त्यांनी पेंटर बोलावला आणि रस्त्याकडच्या गडग्यावर, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणावर, वेबसाइटचा अख्खा पत्ता हातभर अक्षरांत रंगवून घेतला. मी पुन्हा सांगितलं, काकींनी सांगितलं, मुलगा तर भांडला. काकांचं उत्तर एकच, "गावानं बघितलाय."

गावाने बघितला तसा एका व्यापाऱ्यानेही बघितला. हा माणूस वर्षानुवर्षं काकांकडून माल उचलायचा. त्यांच्या पडवीत बसून काकींच्या हातचं जेवायचा, काकांना ‘बाबा’ म्हणायचा. तोच पत्ता त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला आणि त्यावर पाकातली सुकेळी विकायला काढली. वर फोटो कोणते? काकांची वाडी, काकांची पडवी, पाठमोऱ्या काकी केळी मांडताहेत. कधीतरी जेवायला आला असताना काढलेले.

काकांना कळलं ते दादरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून. "यंदा तुमच्या सुकेळ्यांना साखर का लावलीत?" त्या बाईंनी विचारलं होतं. काका दुकानात आले आणि माझ्या टेबलावर अंगठा दाबून त्यांनी हा अपमान सांगितला. मी त्यांच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन लावला.

"मी रीतसर घेतलंय, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "बाबांना हवं असेल तर देऊ ना. आपल्यात काय, बसून भाव ठरवू."

त्या ‘रीतसर’ शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. घरात घुसून भांडी उचलणाऱ्याला आपण चोर म्हणतो. आणि हा माणूस रीतसर.

"चोराकडनं आपलीच म्हस इकत घेऊ?" काका म्हणाले. मी सुचवलं की नावात एखादा शब्द वाढवून दुसरा पत्ता घेऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. "बाय, आजाला शेपूट लावू?"

मग त्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि गडग्यावरच्या त्या पत्त्याखाली काळ्या रंगात लिहिलं, ‘हे आम्ही नाही’. येणारेजाणारे थांबून फोटो काढायचे, हसायचे. कोणी हसलं की काका फाटकाशी येऊन त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायचे आणि एक सुकेळं खायला लावायचे. "आता सांग, हे कोनाचा?" अनोळखी माणूस तोंड भरलेलं असताना "तुमचं" म्हणाला, की तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटायचं. मला काकांचाही राग येतो. वर्षाचे ते थोडे पैसे भरले असते, तर काय बिघडलं असतं? पण मग ते काका राहिले नसते, हेही खरं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले. उन्हं यायची होती, केळी वाळवायचा मांडव अजून बांधायचा होता.

तेराव्याच्या दिवशी सुनेने मला बाजूला घेऊन मोबाइल दाखवला. व्यापाऱ्याच्या त्या वेबसाइटवर काकांचा फोटो होता. पडवीत उभे, हातात राजेळीचा घड, तोंडभर हसू. फोटोला हार घातलेला, आणि खाली ‘आमचे संस्थापक, आमचे बाबा’.

काकींनी मोबाइल मागून घेतला. फोटो बोटांनी मोठा केला.

"हसतायत बघ," त्या म्हणाल्या. "कोनाच्या दुकानात उभं केलाय, त्यान्‌ला ठावक पन नाय. बाय, त्यान्‌ला घरी आन."

मी तक्रार केली आहे. वकिलाची नोटीस गेली आहे. उत्तर नाही. रोज सकाळी दुकान उघडलं, की मी आधी तोच पत्ता उघडते. काका तिथेच असतात, हारासकट, आणि त्यांच्या पायाशी लाल बटण असतं, ‘आत्ताच खरेदी करा’.