जपानीणीची सीट

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पडद्यांचं दुकान चालवतात आणि बोलतात मात्र मोटारींबद्दल. गिऱ्हाईक खिडकीचं माप घेऊन आलेलं असतं, अस्तर लावायचं की नाही एवढंच त्याला विचारायचं असतं, आणि हे त्याला जपानच्या एका कंपनीचा जन्मापासूनचा इतिहास ऐकवतात. “ते मूळचे आपल्यातलेच,” हे पहिलं वाक्य ठरलेलं. “कापडाशी संबंध असलेले. माग बनवायचे. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. अशा डोक्याची माणसं मोटारीकडे वळल्यावर मग काय विचारता!” गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतं. मी मागे शिवणयंत्रावर चुण्या घालत बसलेली असते. मला हे सगळं पाठ आहे.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. तरुणपणी ते ज्या दुकानात नोकरीला होते, तिथल्या मालकांनी या कंपनीची गाडी घेतली तेव्हा अख्खा बाजार हसला होता. जपानी वस्तू म्हणजे खेळण्यातली, चार दिवसांत मोडणार, अशी तेव्हा समजूत. गाडीचं नाव लोकांनी काडेपेटी ठेवलं होतं. मग एकदा चढावर मोठमोठ्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या होत्या आणि ही काडेपेटी टपावर कापडाचे तागे घेऊन त्यांच्यामधून निवांत वर गेली. मागच्या सीटवर उरलेल्या ताग्यांखाली चेपलेले भावोजी होते. घेईन तर याच कंपनीची, हे त्यांनी तिथेच ठरवलं. पहिली घेतली ती कितव्या हातची होती देव जाणे, तिचं मागचं दार पडद्याच्या दोरीने बांधलेलं असायचं. दुसरीच्या खिडकीतून पडद्यांचे रॉड बाहेर डोकावायचे. पण दोन्ही वाटेत कधीच बंद पडल्या नाहीत, आणि भावोजी हे असं सांगायचे की जणू त्यांनीच त्या बनवल्या होत्या.

तिसरी मात्र हौसेने नाही आली, नाइलाजाने आली. मणक्याच्या आजारात ताईचे पाय गेले. ताई अंगाने भरलेली. साध्या गाडीत तिला चढवायचं म्हणजे मी, भावोजी आणि ती स्वतः, तिघंही रडकुंडीला यायचो. “मला पोत्यात घालून टपावर टाका एकदाची,” असं ती म्हणायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. बंदरावर जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या उतरतात. तिथल्या दलालाकडे भावोजींना ही सापडली. बटण दाबलं की चालकाशेजारची सीट दाराकडे वळायची, बाहेर सरकायची आणि अलगद खाली यायची, थेट चाकांच्या खुर्चीला टेकेपर्यंत. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी अशा गाड्या करतात म्हणे. किल्ली फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी फार अदबीने बोलायची. काय बोलते ते आम्हाला कधी कळलं नाही. ताई तिला उत्तर द्यायची, “हो गं बाई, निघालोच.” तेव्हापासून गाडीचं नाव जपानीण.

आजाराआधी दुकानात गिऱ्हाइकं ताईच सांभाळायची; त्या सीटने तिला ते दुकान परत दिलं. गाडी दुकानासमोर उभी राहायची आणि गिऱ्हाइकं कापडाचे नमुने घेऊन तिच्या खिडकीशी जायची. ती आधी विचारायची, “खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतं?” मग सांगायची, आणि ऐकलं नाही तर रागवायचीसुद्धा. लोक हसत हसत तिचं ऐकायचे. घरी ती आजारी बाई होती, गाडीत बसली की दुकानाची मालकीण.

आता भावोजींची खोड सांगते. त्यांच्या खिशात शिवणयंत्राच्या तेलाची चोचवाली बाटली कायम असते. बिजागरी दिसली, पंखा दिसला, पडद्याची चाकं दिसली की त्यात दोन थेंब सोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सीट चांगली चालावी म्हणून तिच्यातही ते मायेने तेल सोडत राहिले. आतली चक्रं प्लॅस्टिकची, त्यांना घट्ट ग्रीस लागतं. पातळ तेलाने ते धुऊन गेलं आणि कापडाची लव दात्यांत जाऊन बसली. एका दुपारी दुकानासमोर सीट अर्धी वळली, कट्कन आवाज आला आणि ती तशीच थांबली. ताईचे पाय बाहेर, ताई आत. मेकॅनिकने सगळं उघडून दाखवलं, दाते झिजून सपाट झाले होते. “यात तेल कोणी घातलं?” त्याने विचारलं. भावोजींचा हात नकळत खिशावर गेला, तेवढं मी पाहिलं.

मग आमची वणवण सुरू झाली. कंपनीच्या शोरूममध्ये थंडगार हवेत त्यांनी आम्हाला पाणी दिलं, मऊ खुर्च्या दिल्या. तिथली मुलगी गुणी होती. “ही गाडी आपल्या देशात कंपनीने कधी विकलीच नाही, काका. त्यामुळे तिचे भाग आम्ही ठेवत नाही,” ती म्हणाली. तरी तिने जपानला विचारलं. तो भाग आता बनत नाही, असं उत्तर आलं. भावोजी खुर्चीतून उठेनात. आयुष्यभर या लोकांचं फुकट गुणगान केलंत, काय मिळालं, असं मी चिडून म्हणाले. “त्यांचा काय दोष?” ते म्हणाले. “इतकी वर्षं चाललंच ना सगळं? धागा मी तोडला.”

लेथवाल्याने पितळेचं चक्र करून दिलं. ते एकदाच फिरलं आणि शेजारच्या चक्राचे दाते खाऊन बसलं. चाकांच्या खुर्चीसकट चढवता येईल अशी मोठी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती, आणि रुग्णवाहिकेतून दुकानात यायला ताई तयार नव्हती. शेवटी भावोजींनी जाड अस्तराची झोळी शिवली. झोळीत घालून आम्ही तिला उचललं आणि नेमकी अर्ध्यात माझी पकड सुटली. ताई गाडीच्या दारात अडकली, कपडे वर गेले, रस्त्यावरची माणसं धावली, कोणी काखेत धरलं, कोणी कमरेला. ती ओरडली नाही. “मला घरात न्या,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने बाहेरचं नावच काढलं नाही. खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सांगितला. ताटं तशीच परत यायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण त्यांनी मनानेच सोडून दिलंय. मला इतकी भीती आधी कधी वाटली नव्हती. माझी बहीण माझ्या डोळ्यांसमोर पलंगात विरघळत चालली होती आणि अडलं कशावाचून होतं, तर मुठीत मावेल एवढ्या प्लॅस्टिकच्या चक्रावाचून.

बंदरावरच्या दलालाने सांगितलं, अशी अजून एकच गाडी शहरात आहे. एका छापखानेवाल्याने आपल्या आईसाठी घेतलेली.

भावोजी त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. छापखानेवाला भला माणूस, एकटा, म्हाताऱ्या आईला सांभाळणारा. “आई आहे तोवर त्या सीटला हात लावू देणार नाही,” तो म्हणाला. “वाईट वाटतं, पण नाही.” मधूनमधून निदान गाडी द्याल का, असं भावोजींनी विचारलं. “तिला कधी धाप लागेल सांगता येत नाही हो. गाडी दारातच लागते.” दारापर्यंत सोडायला आला तेव्हा मात्र तो घुटमळला आणि म्हणाला, “फोन करत जा.”

त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं.

गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. दर गुरुवारी चहा झाला की भावोजी फोन लावायचे. “नमस्कार. आईंची तब्येत कशी आहे?” तिकडून उत्तर यायचं, “चांगली आहे.” आणि भावोजींचा चेहरा पडायचा. “वा, वा, छान,” असं म्हणून फोन ठेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मला एका गुरुवारी राहवलं नाही.

“भावोजी, एका म्हातारीच्या मरणावर टपून बसलात. लाज नाही वाटत?”

“वाटते,” ते म्हणाले. “पण बसलोय. तुझ्या बहिणीला आत जाऊन बघ आणि मग मला सांग, नको बसू.”

मी आत जाऊन बघितलं नाही. मला काय दिसेल ते माहीत होतं.

काही आठवड्यांनी छापखानेवाल्याचाच फोन आला, आईला तुम्हाला भेटायचंय. भावोजींनी घाईघाईने चपला घातल्या आणि पान्यांची पिशवी उचलली. मी बघते आहे हे दिसल्यावर त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

म्हातारी छापखान्याच्या मागच्या खोलीत उशीला टेकून ताठ बसली होती. खोलीला शाईचा वास होता. भावोजींना तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम्हीच का ते गुरुवारवाले?”

“हो आई.”

“बसा. म्हटलं, तोंड तरी बघू. माझ्या वयाची माणसं उरली नाहीत. नात्यातले कोणी फोन करत नाहीत, आणि तुम्ही परके असून दर गुरुवारी विचारता. हा मला सांगतो ना. गुरुवारी मी सकाळीच केस विंचरून बसते. फोनवर काय दिसणार आहे? पण बसते.”

छापखानेवाला जमिनीकडे बघत होता. त्याने आईला सीटबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. भावोजींना हुंदका फुटला. म्हातारीने त्यांच्या हातावर थोपटलं. “किती मऊ मनाचा माणूस!” ती मला म्हणाली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर आल्यावर भावोजी छापखान्याच्या पायरीवर मटकन बसले. “मला आता दोघीही हव्यात,” ते म्हणाले. “आणि ते होणार नाही.”

पुढच्या गुरुवारी त्यांनी फोन केलाच नाही. तर तिकडूनच आला. आई विचारते आहे, तुमची तब्येत बरी आहे ना? मग पुन्हा सुरू झालं. आता “चांगली आहे” ऐकलं की आधी त्यांना खरोखर बरं वाटायचं, मग ताईच्या दाराकडे नजर जायची आणि चेहरा पडायचाच. दोन्हीकडून पिळवटून निघाले होते. दुकानात गिऱ्हाइकाला मागाची गोष्ट सांगणंही त्यांनी सोडून दिलं.

एका गुरुवारी आतून ताईचा आवाज आला. “आज कशी आहे म्हणे?”

आम्ही दोघं गोठलो. म्हणजे भिंतीपलीकडून ती सगळं ऐकत होती, पहिल्यापासून.

“चांगली आहे,” भावोजी म्हणाले.

“असू दे. तिचं तिला जगू दे. पण माझ्याच्याने फार दिवस व्हायचं नाही, एवढं सांगून ठेवते.”

नंतर एके सकाळी छापखानेवाला स्वतः गाडी घेऊन दुकानासमोर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. “आई झोपेतच गेली,” तो म्हणाला, आणि आम्ही काही बोलायच्या आत, “तुमचे पाने कुठे आहेत?”

भावोजींनी पाना नटाला लावला, पण त्यांना तो फिरवता येईना. शेवटी छापखानेवाल्याने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि आईची सीट स्वतःच सोडवली. मोकळ्या झालेल्या जागेकडे तो जरा वेळ बघत राहिला. चहाला थांबला नाही.

मेकॅनिकने सीट बसवून दिली तो नेमका गुरुवार होता. ताईला आम्ही खुर्चीवरून त्या सीटवर सरकवलं. किती हलकी झाली होती ती! बटण दाबलं. सीट वर उचलली गेली, आत सरकली, वळली, कुठे अडखळली नाही. भावोजींनी किल्ली फिरवली, जपानीण आपलं वाक्य बोलली. ताईने काहीच उत्तर दिलं नाही. बंद दुकानासमोर नेऊन आम्ही गाडी उभी केली. तिने काच खाली केली आणि बराच वेळ रस्ता बघितला.

“फोन लावा,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“गुरुवार आहे ना आज? तो मुलगा घरात एकटा असेल. विचारा त्याला.”

भावोजींनी नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून पुढे ठेवला. तिकडून “हॅलो” आलं. भावोजी तयारी करून बोलायला गेले आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने तोंडातून निघालं, “नमस्कार. आईंची तब्येत कशी आहे?”

आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांनी तोंडावर हात दाबला. ताईने डोळे मिटले. फोनमधून छापखान्याच्या यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, आता तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी त्याला दोष दिला नसता.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

मग कोणीच फोन ठेवला नाही. ते शब्द ऐकून भावोजींचा चेहरा पडला नाही, असा तो एकच गुरुवार.