द्राक्षगर्भ आणि आमची बाग

"बाळ नाहीये," सांगलीच्या डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "हा द्राक्षगर्भ आहे."

आम्ही तासगावचे बागायतदार. द्राक्ष म्हटल्यावर माझे मालक दचकून उभेच राहिले. तिसरा महिना होता. उलट्यांनी माझं चिपाड झालं होतं, अंगावरून जात होतं, पोट मात्र पाचव्याचं दिसत होतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत होत्या, जुळी असतील.

बाईंनी समजावलं. याला मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. बाळ घडतच नाही, बाळाला पोसणारी वार तेवढी वाढत सुटते आणि तिला पाण्याच्या फोडांचे घड लागतात. दुसऱ्या दिवशी सक्शन केलं, म्हणजे नळीनं ओढून पिशवी रिकामी केली. मी भिंतीकडं तोंड करून पोटभर रडले. मग उठून पेज प्याले.

खरा ताप घरी आल्यावर. त्याआधी, मार्गशीर्षात, मी बागेत घड बुडवत होते. मणी फुगावेत म्हणून एकेक घड औषधाच्या मग्यात बुडवून काढतात. आत्यांनी लगेच ताळा जुळवला. "त्या औषधानंच पोटात घड लागलं! आता बागेत पाय टाकायचा न्हाई, आन् घरात द्राक्ष आणायचं न्हाई." तासगावात राहून घरात बेदाणासुद्धा येईना. सांगा आता!

त्यात बाईंनी वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत म्हणून बजावलेलं. एचसीजी, म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणारं हार्मोन, सारखं तपासायचं होतं. पोटात थोडं जरी उरलं तर ते वाढतं, कधी कॅन्सरकडं जातं. मधेच दिवस गेले तर हार्मोन कशानं वाढलं ते कळत नाही.

आत्यांना पटेना. "लगीच दिवस जाऊंद्यात. पोट धुऊन निघंल."

"न्हाई, आत्या," मी म्हणाले. मी पाटणच्या डोंगरातली, मला गप बसवणं सोपं नाही. मला मूल हवं होतं, पण ते वाढवायला मीही जिवंत हवी होते.

पुढच्या खेपेला मालकांनी बाईंना औषधाचं विचारलंच. "औषधाचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "या गर्भात आईच्या बीजाचा वाटाच हरवला होता. सगळं वडिलांकडचं आलं. आई आणि वडील, दोघांच्या बीजावर वेगवेगळ्या खुणा असतात. कोणतं जनुक जागं राहणार, कोणतं झोपणार, हे त्या ठरवतात. त्याला इम्प्रिंटिंग म्हणतात. वडिलांच्या खुणा वार वाढवतात, आईच्या तिला आवर घालतात. दोन्ही असतील तरच बाळ घडतं."

छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचा जो डोळा, म्हणजे कोंब, फुटायला हवा, त्यालाच आम्ही फूट आणणारी पेस्ट लावतो. मालक म्हणाले, "म्हंजे पेस्ट लावलेला डोळा फुटतो, बाकीचं गप बसत्यात, तसं?"

बाई हसल्या. "अगदी तसं."

परतीच्या एसटीत मालक खिडकीशी बसले. माधवनगर गेल्यावर म्हणाले, "माझ्याच बीजाचा दोष."

मला असा राग आला! "आवं, कुणाचाच न्हाई. दोष वाटत सुटायला ती काय पंगतीतली जिलबी हाय?" पुढच्या बाकावरचा म्हातारा फिस्सकन हसला. मग हेही हसले. मला मात्र तेव्हा रडू आलं.

त्या वर्षात सांगलीची एकही खेप चुकवली नाही. ऊन, धूळ, रांग, दंडात सुई. रक्त साफ आलं, साफच राहिलं. पुढच्या मार्गशीर्षात मी मगा उचलला. आत्या दारातनं ओरडल्या, "पोरी, माघारी फिर!" मी फिरले नाही. सगळी ओळ बुडवून काढली.

आषाढात दिवस राहिले. सोनोग्राफीला आत्या हट्टानं आल्या. माझा हात घट्ट धरून बाईंना म्हणाल्या, "घड न्हाई नव्हं?"

"नाही, आजी. ठोके बघा."

बायांनो, तुमच्यापैकी कुणाला हे झालं तर दोष हुडकत बसू नका. तपासण्या संपेपर्यंत सोडू नका. जरा बरं वाटलं की घरचे म्हणतील, आता पुरे. ऐकायचं नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंना मी आजही हात जोडते. आमच्या अडाणी प्रश्नांना त्या कधी कावल्या नाहीत.

माघात डोहाळजेवण झालं. आत्यांनी ओटीत नारळाशेजारी आमच्या बागेतला पहिला घड ठेवला. "खा, पोरी," म्हणाल्या. आणि त्यातला एक मणी तोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकला.