कड्यावरचं पोतं

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका माउंटन स्कूलमध्ये होती. हुद्दा सुभेदार, काम इन्स्ट्रक्टरचं: मैदानातून आलेल्या जवानांना कड्यावरून न मरता वर-खाली करायला शिकवणं. नाईक भानुदास माझ्या हाताखाली होता. शिरूर कासारचा. आई-वडील ऊसतोडीला जात. ते थकल्यावर धाकटा भाऊ जाऊ लागला. पहिल्याच दिवशी भानुदास सरळ कड्यावर असा चढला की मी विचारलं, "आधी कुठे चढलायस?"

"उसाच्या ट्रकवर, उस्ताद. डोक्यावर मोळी घेऊन, फळीवरनं. तितं दोर नसतो."

निवृत्तीनंतर दोघंही बीडकडे परतलो. आमच्या बरोबरीचे लोक बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. आम्ही दर रविवारी लिंबागणेशच्या पुढच्या डोंगरात घारीच्या कड्यावर जाऊ लागलो. काळा कातळ, मधेमधे तांबडा थर. त्या थरात बोटं घातली की मूठभर कडा हातात येतो. तिथल्या दोन वाटांना आम्ही नावं दिली. 'पेन्शन': पकडी लहान, पण नियमित. 'सासुरवाडी': सुरुवातीला आगतस्वागत, मध्यावर गेल्यावर ना वर जाता येतं ना खाली.

सामान काय घ्यावं, असं लोक विचारतात. बूट एक नंबर लहान घ्यावा. हेल्मेट घ्यावं, वरून येणारा दगड हुद्दा विचारत नाही. दोर स्वतःचा असावा आणि कुणाला उसना देऊ नये. शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही, ती म्हणजे पोतं. कड्याच्या ओठावर दोर वळतो, तिथे कातळाला धार असते. दोर सरळ लटकला तर दोन माणसं पेलतो. त्याच धारेवर तो ताणलेला असताना आडवा घासला, तर एक माणूसही पेलत नाही. म्हणून मधे जाड घडी हवी. स्कूलमध्ये कॅनव्हासच्या गाद्या होत्या. इथे आमच्याकडे साखरेची दोन तागाची पोती होती, एकात एक घातलेली. भानुदासच्या भावाने ती ज्या कारखान्यासाठी ऊस तोडला तिथून आणली होती. त्यांच्यावर निळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव होतं. आमच्या दोराला अक्षरओळख नव्हती.

आमच्या भागात तात्या नावाचे पुढारी आहेत. त्यांचा स्वतःचा कारखाना आहे आणि वाढदिवसही दरवर्षी येतो. त्या वर्षी कार्यकर्त्यांनी ठरवलं की घारीच्या कड्यावरून तात्यांचा तीन मजली फ्लेक्स सोडायचा आणि त्याच्या शेजारून एक फौजी उतरून तात्यांना सॅल्यूट मारणार. मी नाही म्हणालो. भानुदास हो म्हणाला.

"का?"

"तात्यांनी शब्द दिलाय. भावाला कारखान्यात पर्मनंट. त्याची बायको पोटुशी हाय, उस्ताद. न्हाई तर दिवाळीनंतर तशीच कोयता घेऊन जाईल."

"दोन मिनिटांच्या कामाला पर्मनंट नोकरी? फौजेत असं कधी पाहिलंस?"

"फौजेत तात्या नव्हते."

भानुदास उतरणार असेल तर खाली दोर दुसरं कोण धरणार? मी गेलो.

वाढदिवसाच्या सकाळी फ्लेक्स सांगितल्यापेक्षा मोठा निघाला आणि वारा सुटला. भानुदास वर होता, मी खाली. माझ्या हातात त्याच्या दोराचं खालचं टोक होतं. उतरणाऱ्याचा हात सुटला तर खालच्याने दोर ताणायचा, माणूस जागीच थांबतो. अर्थात, दोर वर जोडलेला असेल तोपर्यंत. वॉकीटॉकीचा हँडसेट वाजला.

"उस्ताद, फ्लेक्स आवरंना. माझा दुसरा, सेफ्टीचा दोर त्याला बांधतो."

"निगेटिव्ह. सेफ्टी काढायची नाही. उतरणं कॅन्सल."

"मांडव भरलाय, उस्ताद."

"फ्लेक्स फाटू दे."

"फाटला तर नोकरीबी फाटली. पोतं पक्कं बांधलंय. ओव्हर."

वर त्याच्याजवळ संतोष नावाचा कार्यकर्ता होता. एरवी त्याच्याकडे तात्यांचा मोबाईल आणि चपला सांभाळण्याचं खातं असे. बटण दाबलेलंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"संतोषराव, कायबी झालं तरी या पोत्याला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत, फौजी. आईशप्पथ."

भानुदास निघाला. खाली स्टेज होतं, सोफा होता, आणि ड्रोनचं चित्र दाखवणारा मोठा पडदा होता. निवेदक सांगत होता की भारतमातेचा वीर सुपुत्र आभाळातून तात्यांच्या चरणी येत आहे. तिसरा हिस्सा उतरून झाला असेल. तेवढ्यात ड्रोन कड्याच्या ओठाशी गेला आणि पडद्यावर पोतं आलं. निळी अक्षरं मागच्या रांगेतूनही वाचता येत होती. तो कारखाना ज्याचा, त्याच माणसाने गेल्या निवडणुकीत तात्यांना पाडलं होतं.

मांडव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "वाढदिवस कुणाचा हाय बे नक्की?"

तात्या हसले नाहीत. त्यांच्या शेजारच्याने फोन लावला. "संत्या, ते पोतं काढ. आधी काढ, मग बोल."

मी हँडसेटमध्ये ओरडलो, "भानुदास, लॉक कर! हलू नको!"

त्याने लॉक केलं. पडद्यावर दोन हात आले. त्यांनी गाठ सोडली, दोर जरा उचलला, पोतं ओढून काढलं आणि नाव दिसू नये अशी त्याची व्यवस्थित घडी घातली. मग फ्लेक्समध्ये वारा भरला. तात्यांचा हसरा चेहरा फुगला आणि त्याने भानुदासला बाजूला ढकललं. दोर धारेवर वीतभर सरकला आणि परत आला.

"उस्ताद, पोतं..."

माझ्या हातातला दोर हलका झाला.

निवेदकाने चालू वाक्य पूर्ण केलं. ॲम्ब्युलन्स निघाली, पण रस्ता स्वागताच्या गाड्यांनी भरला होता. त्याच माइकवरून एकेका गाडीचा नंबर पुकारावा लागला. बीडला पोहोचलो तेव्हा डॉक्टरांना फार काही करायचं उरलं नव्हतं.

कागदावर कारण वारा असं लागलं. संतोषने जबाब दिला, "फौजी दोराला लटकला होता, पोत्याला न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. मला संताप येतो तो याचाच.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स तात्यांनीच लावला. तात्या मोठे, भानुदास कोपऱ्यात. फ्लेक्सवाल्याने त्याच्या छातीवर दोन मेडल जास्त लावली होती. सरकारने दिली नसती, फ्लेक्सवाल्याने दिली.

तात्यांनी शब्द मात्र पाळला. भाऊ पर्मनंट झाला. त्याची बायको त्या साली तोडीला गेली नाही, मुलगी झाली. भावाला खातं मिळालं ते पॅकिंगचं. दिवसभर तो साखरेच्या पोत्यांची तोंडं शिवतो. त्यांच्यावर तात्यांचं नाव लाल अक्षरांत असतं.

पहिल्या पगाराच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. काखेत दोन नवी पोती होती. "कड्यासाठी," एवढंच म्हणाला. तेव्हापासून त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही जातो. मी 'पेन्शन'ने चढतो. 'सासुरवाडी' भानुदासची होती, तिला हात लावत नाही. चढण्यात त्याच्याइतका स्वच्छ माणूस मी स्कूलमध्ये पाहिला नाही. फौजेत असेपर्यंत तो एकदाही पडला नाही.

वर पोहोचल्यावर मी पोती उलटी करतो, ओठावर घडी घालून बांधतो. खालून हँडसेटवर त्याचा भाऊ विचारतो.

"उस्ताद, पोतं?"

"बांधलं."

"नाव?"

"आत."

मग मी उतरतो.