ताप मोजणारी बाई

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात हिंगणघाटची आमची गल्ली दिवसाही स्वप्नात असल्यासारखी वाटे. त्या शांततेतून एक बाई घरोघरी ताप मोजत फिरे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडाला गुलाबी दुपट्टा आणि अगदी सावकाश चाल. इतर घरी ती आठवड्यातून एकदा जाई, समोरच्या घरी मात्र रोज.

"तिथं तं कोणीच बिमार नाई. मंग रोज काऊन?" मी विचारलं.

"बिमारी नाई भाऊ, मार हाये," ती हळूच म्हणाली. "मी आली का मायलेकरं दहा मिनिटं बाहेर तं येतात."

कडुलिंबाखाली ती लेकरांच्या कपाळाशी यंत्र धरी आणि बोलता बोलता त्यांच्या बाह्या वर सारून पाही.

एक दिवस त्यांच्या आईचा ओठ फुटलेला होता. बाईनं धाकटीच्या कपाळाशी यंत्र धरलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, चष्मा विसरली मी. जोरानं वाचा बरं."

चष्मा तिच्या पिशवीतून डोकावत होता. आकडा सत्त्याण्णव पूर्णांक नऊ होता.

"एकशे दोन," मी मोठ्यानं वाचलं.

दारातला नवरा झटकन मागे सरला. "ने बाई, तिघांलेही ने!"

वळणावर तिनं ऑटो उभा ठेवलाच होता, समुद्रपूरला लेकरांच्या आजीकडे जायला. पांढऱ्या उन्हात चौघंजण तरंगत गेल्यासारखे दिसले. धाकटी मात्र स्वतःच्या कपाळावर हात धरून चालत होती. बाईनं तो हात हलकेच काढला आणि आपल्या हातात घेतला.