काचवाल्याच्या गाडीतली सीट

माझे दाजी काचवाले. थोरल्या बहिणीचा नवरा. बाजारात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, 'काचवाले' म्हटलं की झालं. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची दर्शनी तावदानं, म्हणजे जे जे फुटू शकतं ते सगळं कारखान्यातून उचलायचं आणि न फोडता गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायचं, हा त्यांचा चोवीस वर्षांचा धंदा. पिकअपही चोवीस वर्षांचीच. एके काळी ती निळी होती असं ताई सांगते. मी तरी तिला राखाडीच बघत आलोय.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यामुळेच घोटाळा झाला. कुणाच्याही गाडीत बसलो की आधी माझा हात सीटखाली जातो. फोम कुठला, शिलाई कशी, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि दाजींच्या गाडीत तर बघायलाच नको! एक सलग बाकडं, त्यावर फाटकं रेक्झीन, आत फोमचा नुसता भुगा. त्या बाकड्यावर बसायचं म्हणजे दगडावर बसून दगडांवरून जायचं. स्टिअरिंग इतकं जड की वळण आलं की दाजी अख्खे वळायचे. काच खालीवर करायचा दांडा कधीच तुटला होता, तिथे एक पक्कड अडकवून ठेवलेली. पायाखालून इंजिनाची धग. मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होतो, "दाजी, निदान सीट तरी करू द्या." त्यांचं एकच उत्तर, "माल नीट पोचतोय ना? मग झालं."

याच गाडीत ताई सतरा वर्षं त्यांच्या शेजारी बसली. हौस म्हणून नव्हे, कामाला. कागद सांभाळायची, फोन घ्यायची, पत्ते शोधायची. पण तिचं खरं काम वेगळंच होतं. काच गाडीत आडवी टाकत नाहीत. तिरक्या लाकडी सांगाड्याला टेकवून उभी ठेवतात, खाली जाड कापड, वरून पट्टे आवळलेले. खराब रस्त्यावर एखादा पट्टा ढिला पडतो. मग फुटण्याआधी काच बोलते. बारीक किणकिण, बस्स. ताई म्हणायची, "थांबवा." दाजी गाडी बाजूला घ्यायचे, उतरून पट्टा आवळायचे आणि पुढे निघायचे. मला वाटायचं, दोघांनी काम वाटून घेतलंय. हे रस्ता बघतात, ही माल ऐकते.

मग ताईच्या कंबरेने दगा दिला. मणक्याचं ऑपरेशन झालं, चार महिने अंथरुणात गेले. उठून चालायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, घरात फिरा, जिना सावकाश चढा, पण ती गाडी? नाव काढू नका. एक जोरदार धक्का बसला तर पुन्हा टेबलावर.

तेव्हापासून दहा महिने ताई घरात. जिला शहरातला प्रत्येक खड्डा पाठ, ती खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसायची. दिवसातून तीनदा मला दुकानात फोन. "काय शिवतोयस रे?" मी सांगायचो. "कुठल्या रंगाचं?" आता तिला रंगाचं काय पडलंय! पण बोलायला कुणीतरी हवं. एकदा म्हणाली, "शेजारणी येतात, म्हणतात आराम करा. आराम करून करून दमले रे मी." मी कात्री शोधण्याचं नाटक केलं आणि फोन ठेवला.

आणि एक दिवस भरदुपारी दाजी माझ्या दुकानात. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन. उभ्या उभ्याच म्हणाले, "अरे, एक सीट करून दे. तुझ्या ताईला बसता येईल अशी."

मी मशिनवरचा पायच काढला. "आणि डॉक्टर?"

"विचारून आलोय. कंबरेला आधार पाहिजे आणि धक्के कमी पाहिजेत म्हणाले. मग आधी अर्धा तास बसवून बघा. जमलं तर वाढवा. नाही जमलं, तर पुन्हा विचारायला येऊ नका."

म्हणजे एवढं सगळं माझ्या फोमवर येऊन ठेपलं. सीट जमली तर ताई गाडीत. फसली तर जन्मभर खिडकीतली खुर्ची. मला असा काही चेव आला की काय सांगू!

ताईला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. हा शहाणपणा दोघांचाही. माप तर पाहिजे, म्हणून खुर्चीसाठी उशी शिवतो असं सांगून मी टेप घेऊन तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "खुर्चीच्या उशीला कंबरेपासून मानेपर्यंतचं माप कशाला रे?" मी म्हटलं, "नवी फॅशन आहे." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी डब्यातली साखर कमी झाली की बघायची. मग माप घेऊ दिलं.

भंगारात गेलेल्या एका मोटारीच्या दोन सीटा मी आणल्या आणि लोखंडापर्यंत सोलून काढल्या. ताईच्या सीटला तीन थरांचा फोम: खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. कंबरेच्या जागी हवेची छोटी पिशवी, हाताने दाबून फुगवायची. हात टेकायला दांडी. चढताना पाय फार उचलावा लागू नये म्हणून दाराखाली पायरी. स्प्रिंगवाल्याने नवे शॉकअप टाकले. स्टिअरिंगवाल्याने पॉवर स्टिअरिंग बसवलं. दाजींनी ते एका बोटाने फिरवून बघितलं, मग दुसऱ्या बोटाने, मग उगाच गाडी गल्लीतून दोनदा फिरवून आणली. साठीला आलेला माणूस!

शेवटी एसीवाला आला. तो म्हणाला, "एसी लावताय तर केबिन घट्ट बंद करा, नाहीतर थंडी रस्त्याला वाटत फिराल." आता हे माझ्या हातचं काम. जमिनीला, छताला, दारांना, पाठीमागच्या पत्र्याला, सगळीकडे मी आवाज पिणाऱ्या जाड पट्ट्या चिकटवल्या. त्यावर नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचं, अस्तर. दारांना दुहेरी रबर. काम संपलं तेव्हा दार ओढलं आणि काय सांगू, रस्ताच गायब! आयुष्यात इतकं सुरेख काम मी केलं नव्हतं. इंजिन चालू करून मी दाजींना विचारलं, "बघा बरं, आवाज येतोय का काही?"

दाजी म्हणाले, "नाही. कुठे काय?"

एवढी दाद मला कुणीच दिली नव्हती. मी दिवसभर हवेत होतो.

गाडी दारात नेली त्या सकाळी ताई कठडा धरत जिना उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली. पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि बसली. मी पिशवीत हवा भरली. तिने डोळे मिटले. मी आणि दाजी परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुखत नाहीये रे." माझा जीव भांड्यात पडला. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू लवकर येतं आणि ते ताईला माहीत आहे.

दाजींनी मुद्दाम खरं काम काढून ठेवलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं सलून उघडत होतं, तिथे सहा मोठे आरसे. पंचवीस मिनिटांचा रस्ता. गाडीत दोनच सीटा, म्हणून मी स्कूटरवरून मागे निघालो. माझी सीट कशी चालते ते बघायला नको का!

मोठ्या पुलाच्या उतारावर मला ऐकू आलं. किणकिण. आधी वाटलं, माझ्याच स्कूटरचं काही सैल झालंय. मग बघतो तर मधला पट्टा लोंबतोय आणि आरसे एकमेकांना टेकून थरथरतायत. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. ओरडलो, "दाजी! ओ दाजी!" गाडी आपली मजेत चालली होती. शेजारी गाठून हातवारे करावेत तर उतारावर गाड्यांची रांग, पुढे जायला फट नाही. पुढचा खड्डा आला आणि खळ्ळकन आवाज झाला. रस्त्याच्या कडेचे लोक वळून बघायला लागले. फक्त गाडीतल्या दोघांना पत्ता नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी काचेवर टकटक केली. ताईने काच उतरवली. आतून थंडगार हवा आली आणि दाजी हसून म्हणाले, "काय रे, भन्नाट झालीये की नाही सीट?"

मी नुसतं मागे बोट दाखवलं.

सहापैकी दोन आरशांचा चुरा झाला होता. गाडी कडेला घेतली. दाजी हातमोजे चढवून तुकडे गोळा करायला लागले. मला राग आला होता तो खरं तर स्वतःचाच. मीच तर ते केबिन सगळीकडून बुजवलं होतं. पण राग कुठे बाहेर पडावा याला काही धरबंध असतो का? मी दाजींवर कडाडलो, "अहो, चोवीस वर्षं काचा वाहताय! मी मागून स्कूटरवर ऐकलं. तुमचे कान काय घरी राहिले होते?"

दाजींचा हात थांबला. चेहरा पांढराफटक.

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली. सावकाश उतरून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, अगदी समोर, आणि थांबली.

"हे पहिलं नाही," दाजी म्हणाले. "तू घरी बसलीस तेव्हापासून आठवड्याला काही ना काही फुटतंय. तुला सांगितलं नाही. मला ती किणकिण ऐकूच येत नाही गं. किती वर्षं झाली. तू थांबवा म्हणायचीस, म्हणून मी थांबायचो."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "नऊ वर्षं झाली. रस्त्यावरून नजर काढून माझ्या तोंडाकडे बघायला लागलात, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मी तिथे उभा, हातात हेल्मेट. मला 'कुठे काय' आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं हा माणूस माझ्या विनोदांना मान डोलावत होता!

ताईने विचारलं, "आणि ही सीट? माझ्या कंबरेसाठी, की तुमच्या कानांसाठी?"

दाजी म्हणाले, "तुझ्याशिवाय जमत नाही मला. हे म्हणायची लाज वाटली, म्हणून एसी बसवला."

ताई हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. उरलेले चार आरसे आम्ही खिडक्या उघड्या टाकून, धिम्या चालीने सलूनला पोचवले. फुटलेल्या दोन आरशांसाठी दाजींनी चार दिवसांचा वायदा केला आणि सलूनवालीचं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. तिथून गाडी थेट माझ्या दुकानात. ताईचा हुकूम होता. "तो मागचा सगळा नमदा काढ. सीट राहू दे, स्टिअरिंग राहू दे, ऊन असेल आणि गाडीत माल नसेल तेव्हा एसी लावू. पण माझ्या पाठीमागे काही नको."

चिकटवायला दोन दिवस लागले होते, खरवडायला तीन लागले. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. पाठीमागच्या पत्र्याला ताईच्या डोक्याच्या उंचीवर मी एक सरकती खिडकी कापून दिली. मी खरवडत होतो तेव्हा ताई स्टुलावर बसून मला इथे राहिलं, तिथे राहिलं म्हणून दाखवत होती. दहा महिन्यांत तिच्या आवाजाला अशी धार नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी दाजी गाडी न्यायला आले. ताई बरोबर होती. तिने स्वच्छ सांगितलं, "मी गाडीत येईन. पण आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्र लावा म्हणाले तर यंत्र लावायचं. उद्या नाही, आज."

दाजी गाडीच्या दाराला हात लावून उभेच राहिले. त्यांची सगळी अडचण सुटत होती, तरी चेहरा असा की कुणी गाडीच काढून घेतोय. शेवटी म्हणाले, "यंत्र लावलं की मला ऐकू येईल."

"मग? चांगलंच आहे की."

"मग तू कशाला येशील?"

"अहो," ताई म्हणाली, "सतरा वर्षं कामाला आले. आता तुमच्याबरोबर बसायला येईन."

दाजींनी चटकन तिच्या बाजूचं दार उघडलं. मी हात धुवायला नळावर गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो.