मॅडमचा बाजारातला तास

“सापडला काय?” असं विचारताना मॅडम मान पुढे काढायच्या आणि एक डोळा बारीक करायच्या, जणू हरवलेला माणूस त्यांच्याच नात्यातला आहे. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला असं विचारणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली. दोन वर्षं आम्ही एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे, आणि दर उन्हाळ्यानंतर नव्यानं मुलाखत. मी राज्यशास्त्र शिकवायचो. त्या यवतमाळहून एसटीनं, कळंबवरून, इंग्रजी शिकवायला यायच्या.

आठवडी बाजार कॉलेजच्या फाटकापासूनच सुरू व्हायचा. त्या दिवशी मॅडम बारावीचा वर्ग बाजारात न्यायच्या. निम्म्या मुलांनी एकेक माणूस हेरायचा आणि त्याच्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहायचं. उरलेल्यांनी ते वाक्य घेऊन माणूस शोधायचा.

पहिल्याच खेपेला एका मुलीनं लिहिलं, ‘कांदे विकणारा माणूस’. शोधणारा मुलगा भलत्याच कांदेवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. तो बिचारा घाबरला. “काय झालं बाप्पा? म्या काय केलं?”

मॅडम मुलीला म्हणाल्या, “कांदेवाले इथं ढीगभर आहेत. तुझा कोणता?”

“जो उभ्यानं विकते तो.”

“मग ते लिही ना, बेटा. इंग्रजीत ‘हू’ घाल आणि पुढं सांग. त्या माहितीशिवाय तो सापडत नाही, म्हणून मधात कॉमा द्यायचा नाही.”

चहाची टपरी मात्र एकच होती. एकानं लिहिलं, टपरीवाला, ज्याला तीन मुली आहेत, पहाटेच दुकान उघडतो. मॅडम खूश. “मुलींवाचूनही हा सापडला ना? म्हणून मुलींच्या अलीकडे एक कॉमा, पलीकडे एक.”

टपरीवाल्याचे कान इकडेच होते. “मॅडम, मी तं सापडून राह्यलो. मंग माह्या पोरींले काहून आणता मधात?”

“माणूस सापडल्यावर तेच तर विचारायचं असते, भाऊ. थोरली काय करते?”

थोरलीला नर्सिंगला जायचं होतं. मॅडम तिच्याबद्दल इतकं विचारत बसल्या की हातातला चहा थंड झाला आणि मुलं हसू लागली. व्याकरणाच्या बाईला एवढ्या चौकशा कशाला, असं मलाही वाटायचं. माझं घर पत्रकांचं. वडील शेतमजुरांच्या संघटनेत, आणि मी ‘निषेध’ हा शब्द ‘कमळ’च्या आधी वाचायला शिकलो. माझ्या लेखी बाजारात दोनच माणसं होती, लुटणारा आणि लुटला जाणारा. मॅडमना तिथं दर आठवड्याला कोणीतरी नवा भेटायचा.

त्यांचा एक नियम कडक होता. लिहिलेलं वाक्य त्या माणसाला आपल्या बोलीत ऐकवल्याशिवाय परत यायचं नाही. “पाठीमागं बोलायला इंग्रजी कशाला पाहिजे? ते तर तुम्हाला येतेच,” त्या म्हणायच्या.

या नियमानंच घात केला. एका मुलीनं आलूच्या व्यापाऱ्यावर लिहिलं, जो वजन करताना टोपल्याच्या काठावर अंगठा ठेवतो तो माणूस. शोधणारा मुलगा सरळ त्याच्यापुढे पोचला. मग नियमाप्रमाणे मुलगी ऐकवायला गेली. “काका, तुमच्यावर लिहिलं. जो काट्यावर अंगठा ठेवते, तो मानूस.” गिऱ्हाइकं खदखदून हसली. व्यापारी लालबुंद झाला. त्याचा मेहुणा कॉलेजच्या संस्थेत होता.

दोन दिवसांत प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मुलीनं माफी मागावी, बाजारातला तास बंद करावा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या तासांचं काही सांगता येत नाही. मॅडमचं घर त्या तासांवरच चालत होतं.

मी पेटलो. संध्याकाळी पत्रकच लिहून नेलं, ‘काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यांचा जाहीर निषेध’. मॅडमनी एसटीची वाट पाहता पाहता ते वाचलं.

“यात तो कोणता?”

“सगळेच.”

“सगळे नाही, सर. त्याच्या शेजारचा नाही ठेवत अंगठा. मी पाहिलं ना. आणि हे त्याला ऐकवायला कोण जाणार?”

“भिंतीवर चिकटवू.”

“हं,” म्हणाल्या, आणि कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

पुढच्या बाजारी त्या एकट्याच त्याच्याकडे गेल्या. न राहवून मी मागोमाग.

“माफी मागाले आल्या काय?” त्यानं विचारलं.

“नाही. तुम्हाला ते वाक्य आवडलं नाही म्हणे. दुसरं सापडते का पाहते. बसू?”

आणि आलूच्या पोत्यावर बसल्या. माल कुठून येतो, आलू हिरवा कशानं पडतो, लहानपणी शाळा का सुटली, सगळं विचारलं. तो आधी गुरगुरला, मग बोलायला लागला. दुपारभर अंगठा काट्यापासून लांब होता. त्या उठल्या तेव्हा त्यानंच हळूच विचारलं, “भेटलं काय मंग?”

“कॉमातलं पुष्कळ भेटलं, भाऊ. पण पोरीनं पाहिलं ते खरं होतं. ती माफी मागणार नाही.”

जुलैत वेळापत्रक लागलं. मॅडमच्या नावाचा एकही तास नव्हता. त्या निरोप घ्यायलाही आल्या नाहीत. आता वणीला कुठंतरी शिकवतात असं कळलं. तिथल्या कोळशाच्या ट्रकवाल्यांना त्या काय काय विचारत असतील, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात बाजारातून जात होतो. त्याच व्यापाऱ्याचा अंगठा टोपल्याच्या काठावर. डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. मी चार पावलं पुढं गेलो आणि परत वळलो.

“दादा,” मी म्हणालो, “जो काट्यावर अंगठा ठेवते, तो मानूस तुम्ही.”

त्यानं वर पाहिलं. “मॅडमनं पाठवलं काय?”

“मॅडम गेल्या. तास काढून घेतले त्यांचे.”

“काहून?”

“तुमच्या तक्रारीवरून.”

“म्या तं फक्त...” समोर एक बाई पिशवी घेऊन निघाली होती. त्यानं तिला थांबवलं, पिशवीतले आलू टोपल्यात ओतले, टोपलं काट्यावर ठेवलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून आकड्याकडे पाहत उभा राहिला.